तात्यांच्या आवाजांचा डबा

११ जानेवारी २०२६, रविवार

गेली! चार नंबरची डिस्क गेली. लावली की टक्-टक्-टक्, आणि मग गप्प. केबल बदलली, लॅपटॉप बदलला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा तो इंटरनेटवरचा मूर्खपणाही करून बघितला. काही नाही.

तीत एकसष्ट रेकॉर्डिंग होती. सत्तेचाळीस दुसरीकडं सापडली. चौदा कुठंच नाहीत. चौदा माणसं — आणि त्यातलं आज एकही जिवंत नाही.

तात्यांना सांगावं लागलंच. माझे वडील, पोस्टमन — तीस वर्षं पोस्टाची सायकल आणि कॅरिअरला बांधलेला टेपरेकॉर्डर घेऊन बारामती-इंदापूरची गावं पालथी घातलेला माणूस. टपाल दिलं की ओट्यावर बसायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायचं आणि बटण दाबायचं. चारशे बारा कॅसेटी! मी दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. कितीतरी टेपा तेवढ्या एकदाच वाजल्या आणि तपकिरी पूड सोडून मेल्या. म्हणजे आता फायली आहेत तेवढेच आवाज.

वाटलं, ओरडतील. म्हणाले, "कोण कोण गेलं त्यात?" मी नावं वाचली. एकेका नावाला मान हलवत राहिले. चौदावं झाल्यावर उठून अंगणात गेले.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी

ठरलं. घरातच स्टोरेज सर्व्हर बांधायचा. एक साधा कॉम्प्युटर, त्यात दोन डिस्का, दोन्हींवर तेच ते. एक मेली तरी दुसरी आहे. तयार डबाही मिळतो म्हणे — आत एकही डिस्क नसताना त्याची किंमत बघितली आणि लॅपटॉप मिटला.

संदेशला फोन. धाकटा भाऊ, पुण्यात आयटीत. "ताई, सरळ क्लाउड घे ना!" ह्याच्याकडं प्रत्येक दुखण्यावर दरमहा भाड्याचंच औषध. अरे बाबा, इंदापूरच्या नेटवरून तीन टीबी वर चढायला पावसाळा येईल! तात्या शेजारी बसून ऐकत होते. "आपला माल दुसऱ्याच्या घरात ठिवायचा आन भाडंबी आपणच द्यायचं? ह्यो कुठला न्याय?"

दोघंही आपापल्या जागी पक्के. खरेदीला जाणार मी.

१७ जानेवारी, शनिवार

बारामती. रणजितचं कॉम्प्युटरचं दुकान. चार वेळा सांगितलं — दोन डिस्का ठेवायच्यात, चोवीस तास चालेल असं साधं काहीतरी दाखवा. त्यानं काचेचं कॅबिनेट काढलं. पाच पंखे, प्रत्येकात रंग बदलणारे दिवे.

"डिस्का किती बसतात ह्यात?"

उलटं केलं, पालटं केलं, आत डोकं घातलं. "एक बसते की मॅडम."

पाच पंखे आणि डिस्क एक! "मला दिवाळी करायची नाही हो."

"मग हे गेमिंगला नाही का?"

हात जोडले. रॅमचा भाव विचारला तर दिवाळीच्या आधी होता त्याच्या दुपटीच्या वर. "एआयवाल्यांनी गिळली मॅडम सगळी रॅम." गिळा बाबांनो. पण माझ्या आठ जीबीवरही डोळा?

२० जानेवारी

यादी सहाव्यांदा खोडली.

२४ जानेवारी

नवीन काहीच घ्यायचं नाही. जुना ऑफिसचा कॉम्प्युटर घ्यायचा, रॅमसकट.

लोणी देवकरला आमच्या कारखान्यात स्टोअरच्या कोपऱ्यात असले अकरा डबे धूळ खात पडलेत. रोज क्वालिटीकडं जाताना त्यांच्यावरूनच जाते. ॲडमिनला विचारलं, पैसे देते, एक द्या. "धोरणात बसत नाही." मग काय करणार त्यांचं? "भंगारात देणार." मग मला द्या ना! "धोरणात बसत नाही."

शेवटी संदेशनं पुण्यातून सेकंडहँड एक धाडला. बरा निघाला, आवाज नाही, गरम होत नाही. उघडला — डिस्कची वायर जोडायला खाचा दोनच. मला तीन हव्यात, एक सिस्टिमसाठी. आणि पॉवर सप्लायची पिन ह्या कंपनीची अशी वेगळीच, की बाजारातला दुसरा सप्लाय बसणारच नाही! एका कॉम्प्युटरचं दुसऱ्याशी जमू नये म्हणून माणसं पगार घेऊन बसतात का?

तिसरी डिस्क जोडता यावी म्हणून एक जोडकार्ड मागवलं. दुसऱ्या मोठ्या डिस्कला बसायला आत कप्पा नव्हता, तर टूलरूमच्या मल्हारनं जेवणाच्या सुट्टीत पत्र्याची पट्टी वाकवून, भोकं पाडून दिली. मापात! आतापर्यंत एवढं एकच काम पहिल्या दमात झालं.

३१ जानेवारी

डिस्का. स्वस्त डिस्क स्वस्त का, हे खोक्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. चार दिवस वाचल्यावर कळलं — स्वस्तातल्या बऱ्याच डिस्का कौलं रचल्यासारख्या लिहितात, एकावर एक चढवून. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचला. एक डिस्क मेल्यावर दुसरीवरून सगळं परत भरायची वेळ आली की ही रडत बसणार. म्हणजे नेमकं गरजेच्या दिवशी!

रणजितला विचारलं, ही त्यातली का? "डिस्क म्हणजे डिस्क मॅडम."

तात्या सकाळी: "झालं का?" दुपारी: "झालं का?"

५ फेब्रुवारी

ऑनलाइन मागवलेली आली. नवी कोरी, सीलबंद. लावून तपासली, तर एकतीस हजार तास चाललेली! साडेतीन वर्षं दिवसरात्र कुठंतरी राबून, अंघोळ घालून, नवी साडी नेसवून माझ्याकडं पाठवलीय.

विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर — "पॅकिंग नवीन आहे."

८ फेब्रुवारी

परत न्यायला माणूस तिसऱ्या खेपेला आला. मी कामावर. तात्यांनी त्याला दारात उभा करून पाऊण तास सुनावलं म्हणे — "पावती न देता पार्सल न्हेतोस? आमच्या टायमाला नोकरी गेली असती!" पोरगं बिचारं पार्सल तिथंच ठेवून पळालं. आता चौथी खेप. ह्या घरात माझ्या बाजूनं कोण आहे, हे एकदा लिहून काढायला हवं. पान कोरंच राहील.

१५ फेब्रुवारी, रविवार

दोन चांगल्या डिस्का मिळाल्या. मुद्दाम दोन वेगवेगळ्या दुकानांतून, म्हणजे एकाच घाण्यातल्या नसाव्यात, एकदम मरू नयेत. एक बारामतीत रणजितकडून — ह्या वेळी मी मॉडेल नंबर कागदावर लिहून नेला आणि त्याला बोलूच दिलं नाही.

२१ फेब्रुवारी

सगळं जोडलं. बटण दाबलं. तीन शिट्ट्या, पडदा काळा. रॅम काढली, खोडरबरनं पट्टी पुसली, बसवली. तीन शिट्ट्या. दुसऱ्या खाचेत बसवली — सुरू!

मग कॉपी लावली. चाळीस टक्क्यांवर लाईट गेली. यूपीएस होताच, पण त्याची बॅटरी दुकानातच म्हातारी झालेली, दोन मिनिटांत मान टाकली. मी फरशीवर बसून हसायला लागले. तात्या घाबरले. "पाणी देऊ का गं?"

१ मार्च, रविवार

झालं! सगळे आवाज चढले. तिसरी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर संदेशकडं पुण्यात — घराला आग लागली तरी असावी म्हणून. सिस्टिम दर तासाला मागची प्रत जपून ठेवते. चुकून काही पुसलं तरी परत आणता येतं.

परीक्षा घेतली. डबा चालू असताना एक डिस्क उपटून काढली. तात्यांनी श्वास धरला. फाईल लावली — कोणी आजोबा बैल हरवल्याची गोष्ट सांगत होते, ते थांबलेच नाहीत. तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 

मग बोलायचं थांबेनात! विहारात वंदनेनंतर सगळ्यांना सांगितलं. घरी येऊन फोन लावत बसले. भापकराच्या लोणीपासून कऱ्हाटीपर्यंत, ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्यांना — "तुमच्या म्हातारीचा आवाज आता कवाच पुसायचा न्हाय. पोरीनं मशीन केलंय!"

८ मार्च, रविवार

सकाळी दारात एक म्हातारी. ऐंशी-एक्याऐंशीची. धाप लागलेली. कऱ्हाटीहून एकटी, बारामतीला एसटी बदलून आली. चंद्राबाई. तात्यांनी एकदम ओळखलं. त्यांचं टपाल तात्या वीस वर्षं देत होते.

पाणी प्याल्या. चहा नको म्हणाल्या.

"गंगाराम, तुजा फोन आल्ता. माजी टेप हाय म्हणं अजून."

"हाय की! आता तर दोन ठिकाणी हाय."

"ती पुसून टाक बाबा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मला वाटलं टेपच ती, कवातरी सडंल. म्हणून बोलले. कुनाला तरी सांगायचंच व्हतं. भिताडाला सांगन्यापरास तुला सांगितलं. आता तू म्हंतोस कवाच पुसायचं न्हाय. मग माजं कसं व्हायचं?"

त्या दुपारच्या गाडीनं परत गेल्या. मग मी फाईल लावून ऐकली. १९९४ची. उतरवताना ऐकलीच नव्हती — आवाज नीट चढतोय का, तेवढी सुई बघितली होती.

बहात्तरच्या दुष्काळात त्या नवऱ्याबरोबर खडी फोडायच्या कामावर होत्या. त्यांचं पोर आठ दिवसांचं होऊन गेलं. त्याच आठवड्यात शेजारी काम करणारी बाई बाळंत होऊन मेली. कुठली, कुणाची, कुणालाच माहीत नाही. तिचं पोर चंद्राबाईंनी उचललं, पाजलं. काम संपल्यावर ते घेऊनच गावी आल्या. कुणी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. तेच सर्जेराव. त्रेपन्न वर्षांचा आज. तोच त्यांना सांभाळतो.

९ मार्च

तात्या म्हणाले, पूस.

दोन महिने! एक आवाज जाऊ नये म्हणून दोन महिने मी दुकानदार, कुरिअर, शिट्ट्या आणि तुमचं "झालं का" सोसलं. आणि आता मीच पुसू? मी म्हटलं, कुलूप लावते. पासवर्ड फक्त मला. कुणी ऐकणार नाही.

"कुलूप लावलं म्हंजी पुसलं व्हय?"

मग त्या चौदांचं काय? ते गेले तेव्हा तुम्ही अंगणात जाऊन बसलात ना?

"त्यांनी मागितलं नव्हतं. हिनं मागितलंय. करुणा, पत्र ज्याचं त्याचं असतंय पोरी. माघारी मागितलं तर द्यायचं. मी चाळून वाचून ठिवून घ्यायचं न्हाय."



११ मार्च

पुसलं. पुसणंसुद्धा सोपं नाही! डिलीट केलं तर दर तासाच्या जुन्या प्रतींत ते तसंच शाबूत. हरवू नये म्हणून जे जे केलं होतं, ते एकेक उलटं करत बसले. त्यांची कॅसेट तर उतरवतानाच पूड झाली होती; जुन्या डिस्कवरूनही काढलं. संदेशला फोन केला. "राहू दे ना ताई माझ्याकडची, कुणाला कळतंय?" त्याच्यावर ओरडले. खरं तर तेच मी स्वतःला सकाळपासून दोनदा विचारलं होतं. त्यानं डिस्क लावली, पुसलं, स्क्रीनचा फोटो पाठवला.

तात्यांनी कऱ्हाटीला फोन लावून दिला. मी म्हटलं, झालं मावशी. कुठंच नाही आता.

"बरं केलंस बाई." एवढंच. पण मोठा श्वास सोडलेला ऐकू आला.

मी बरोबर केलं. असं लिहून ठेवते.

२९ मार्च, रविवार

चंद्राबाई मंगळवारी गेल्या. आज त्यांचा सर्जेराव आला होता. म्हणाला, "आईचा आवाज हाय म्हणं तुमच्याकडं."  तात्यांनीच सांगितलं, पुसला, तिनंच पुसायला लावला.

 तो म्हणाला, "मी तिच्या पोटचा न्हाय, हे मला धा वर्साचा असल्यापासनं ठावं हाय. चुलत्यानं सांगितलं व्हतं. तिला लागंल म्हणून म्या कवा काढलं न्हाय. टेप पुसायला लावली म्हंजी त्येच व्हतं तिच्यात. तिच्या तोंडनं ते कसं येतंय, तेवढं ऐकायचं व्हतं."

तात्यांनी आपली खुर्ची त्याच्या गुडघ्याला लागेल इतकी ओढली. डोळे मिटले. आणि जसं आठवत होतं तसं, तिच्याच बोलीत, सुरू झाले — "खडीवर माज्या शेजारी एक बाई व्हती…"