मधला खांब

प्रिय रूपेश,

फोनवर तू 'टेन्शन नको घेऊ गं ताई' म्हणून विषय संपवतोस, म्हणून व्हॉट्सॲपवर लिहितेय. आधी पूर्ण वाच, मग हवं तेवढं चिड.

रविवारी सीवूड्सची बरीच मंडळी माझ्याबरोबर उरणच्या जुन्या बाजारात पायी फिरायला आली होती. तुझ्या भाषेत, आपल्याच पडक्या गल्ल्या लोकांना दाखवायची ताईची हौस. कौलं, लोखंडी कठडे, दारांवरच्या रंगीत काचा दाखवत शेवटी त्यांना आपल्या घरापाशी आणलं. मान वर करा, गॅलरीखालचं कोरीव काम बघा, असं मीच म्हटलं आणि मीही वर बघितलं. तुळई मधोमध खाली आलीय. भिंतीपाशी बोट जाईल एवढी फट आहे. एक बाई फोटोसाठी वर जाऊ का विचारत होत्या, मी त्यांच्यावर खेकसलेच.

दिवाळीत खालच्या दुकानाला शटर बसवताना बाबांनी गॅलरीखालचा मधला खांब काढला. आपल्याकडे लग्नाची पहिली हळद त्या खांबाला लागते, म्हणून तो कोपऱ्यात नीट टेकवून ठेवलाय. हळदीची सोय झाली, पण वरचा भार आता कशावर, हे कुणी विचारलंच नाही. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "आज्यानं बांदलीय ती. कोनाच्या डोक्यात पडली का आजपरत?" आणि शनिवारी तुझ्या हळदीला बेंजोवाले त्याच गॅलरीत बसवायचं ठरवून मोकळे झाले. वर बेंजो, आत्या, मावश्या, पोरं. खाली तू आणि नाचणारं अख्खं गाव. तुला दिसत नाही असं नाही. बाबांपुढे तोंड उघडायची तुझी हिंमत नाही, आणि याचा मला फार राग येतो.

म्हणून आज मी नगरपालिकेत तक्रार दिली. उद्या सकाळी इंजिनीअर येतील आणि गॅलरी बघितल्यावर घर बंद केल्याशिवाय जाणार नाहीत. भर लग्नघराला सील लागेल. कुणी केलं म्हणून बाबा गावभर विचारतील, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं. हळद शाळेच्या मैदानात करा. बाबा मला येऊ देणार नाहीत. नाही आले तरी चालेल असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे, मी खूप रडेन. तक्रार मात्र मागे घेणार नाही.

तुझीच,
रंजिताताई