पुस्तकावरची रिंग

मंगळवार, दिवेलागण

आज मी पप्पांशी खोटं बोलले. का, ते मलाच कळत नाही.

दुपारी युद्धात सापडलेल्या एका घराची कादंबरी वाचून संपवली. आई कणीक मळत असते, छतावर बॉम्ब पडतो, पाच वर्षांचा मुलगा ढिगाऱ्याखाली अडकतो. संध्याकाळी परत तेच पान काढून बसले होते. पान मिटू नये म्हणून त्यावर लोखंडी रिंग ठेवली होती. पप्पा अंबडला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशिनवर आहेत, तिथला हा रिजेक्ट माल.

चहा देताना सहज विचारलं, "पप्पा, ही रिंग कशात बसते?"

"ड्रॉइंग येतं, आम्ही पार्ट बनवतो. पुढं कुठं जातो, कोणाला म्हैत?" मग हसले. "का गं? ह्याच रिंगांवर तू बीए झाली."

घरातली पहिली पदवी. पंपात बसत असेल, नाहीतर ट्रॅक्टरमध्ये. बहुतेक तसंच. पण तसल्याच एखाद्या बॉम्बमध्ये बसत असेल तर? आणि असं मनात येणं हाच त्यांचा अपमान नाही का? कॉलेजात युद्धाविरुद्ध किती जोरात बोलायचे मी!

त्यांनी रिंग उचलून पान पाहिलं. मी त्या पानापर्यंतची गोष्ट सांगितली. चहा निवला तरी ऐकत होते.

"वाचलं का मग ते पोरगं?"

"अजून तिथवर आले नाही."

"लवकर वाच. मशिनवर दिवसभर तेच डोक्यात राहील."

रिंग त्यांनी नीट त्याच पानावर ठेवली. सकाळी डबा घेताना ते पुन्हा विचारतील.