डोंगराला कुम मिळेना

सोफिया, १४ जानेवारी २००२

ती. केराआत्यास, बिल्यानाचा सा. न. वि. वि.

मी दक्षिण ध्रुवाकडून सुखरूप परत आले. नाकाचा शेंडा जागेवर आहे, बोटंही सगळी आहेत, तेव्हा तुझी काळजी आता चुलीत घाल. तू विणलेले लोकरी मोजे मी मुक्कामभर पायातून काढले नाहीत, आणि ते तंबूतल्या सगळ्यांना वासावरून कळत होतं.

खरी बातमी पुढे आहे. आम्ही ज्या बेटावर होतो तिथे एक डोंगररांग समुद्रातून सरळ वर चढते. पायापासून डोक्यापर्यंत बर्फ, मधूनमधून काळ्या खडकाच्या बरगड्या. बहुतेक वेळ ती ढगातच असते. ढग निघाला की आम्ही ताटावरून उठून मोजणीच्या यंत्राकडे धावायचो. तिथे कधी कुणी राहिलं नाही, त्यामुळे कुणी नावंही ठेवली नाहीत. जो मोजतो तो नाव सुचवतो आणि इथली समिती ते पक्कं करते. मी मोजलेल्या एका शिखराला आपल्या गावाचं नाव द्या असं मी सुचवलं. समितीला ते आवडलं, पण गाडं अडलं. कारण गावाला नावं दोन. सरकारी पाटीवर स्वेत्लिना, तुझ्या तोंडी द्रेनाक. एका शिखराला एकच नाव मिळतं. गावाने एकमुखाने काय ते एप्रिलच्या बैठकीआधी कळवायचं आहे. नाही जमलं तर शिखर शेजारच्या कामेनदोलला जाईल. समितीत त्यांचा एक माणूस आहे, तो बाकीच्यांना आतापासून घरचं चीज खाऊ घालतोय.

जमवशील ना? लोभ मोज्यांसारखाच उबदार ठेव, वासाचं मी बघते.

तुझी भाची,
बिल्याना

द्रेनाक, ३ फेब्रुवारी २००२

चि. बिल्यानास, केराआत्याचा अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पावाच्या गाडीवाल्या स्पासने आणलं. मेल्याने उघडून वाचलं असणार, कारण मी पाकीट फोडायच्या आतच त्याने विचारलं की डोंगर केवढा आहे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गावभर म्हणजे काय, जेवढी धुरांडी अजून पेटतात तेवढ्या घरांत.

संत त्रिफोनच्या दिवशी सगळे द्राक्षवेली छाटायला आणि त्यावर वाइन ओतायला जमतात, म्हणून मी तिथेच विषय काढला. वाइन वेलीवर कमी आणि घशात जास्त गेली होती, म्हटलं आता सगळे हो म्हणतील. पण वरच्या आळीचा दोब्री उभा राहिला. तुला माहीतच आहे, गावात वीज आली तेव्हा खांबावर चढून तार ओढणारा तो. पहिला दिवा लागला आणि जिल्ह्याच्या साहेबांनी तिथल्या तिथे गावाचं नाव बदलून स्वेत्लिना ठेवलं, उजेडाचं गाव म्हणून. तेव्हापासून याला वाटतं, गावाला त्यानेच जन्म दिला. त्या संध्याकाळी तो वर खांबाला लटकलेला आणि खाली त्याच्याच दिव्याखाली मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा, तुझ्या वेल्कोकाकांचा, हात धरून फेर धरलेला. काका जाऊन इतकी वर्षं झाली, पण दोब्रीचं तोंड अजून तसंच आंबट.

तो म्हणाला, द्रेनाक हे काय नाव आहे, आंबट फळाच्या झाडाचं, बर्फात कधी द्रेनचं झाड उगवतं का. मी म्हटलं, तुझा उजेड तरी कुठे उगवतोय, खांबावरचा दिवा नाताळपासून बंद आहे. लोक खो खो हसले. तो छाटणीची कात्री घेऊन तरातरा निघून गेला आणि अख्खी वरची आळी त्याच्यामागे गेली, म्हणजे त्सोना म्हातारी आणि तिचं गाढव.

आता थट्टा बाजूला. शाळा गेली, दुकान गेलं, वेशीवरची पाटीसुद्धा गंजून गेली. आम्ही संपलो की या गावाचं नाव घ्यायला कुणाचं तोंड उरणार नाही. जगाच्या टोकाला का होईना, एका डोंगराने ते अंगावर बाळगलं तर मी सुखाने डोळे मिटीन. ते कामेनदोलला गेलं तर मात्र मिटणार नाही, उघडेच ठेवीन आणि तुला घाबरवीन.

द्रेनचा मुरंबा पाठवतेय. लोभ कमी केलास तर पुढची बरणी स्पासला.

तुझी आत्या,
केरा

सोफिया, २० फेब्रुवारी २००२

ती. केराआत्यास सा. न. वि. वि.

मुरंबा पोचला, बरणी चाटून पुसून झाली. पण आत्या, तू माणसांना हसवून जिंकायला जातेस आणि ज्याला हसतात तो दर वेळी उठून जातो. दोब्रीकाकांना दुखवू नको गं. लहानपणी मी अक्रोडावरून पडले तेव्हा त्यांनीच मला पाठुंगळीला घेऊन घरी आणलं होतं, आणि वाटभर तू कशी आहेस हेच विचारत होते. पडले मी होते!

मी सध्या तोच डोंगर कागदावर काढतेय. शिखराच्या उत्तरेला एक खिंड आहे. दोन हिमनद्या तिथून एकमेकींकडे पाठ करून निघतात, अगदी आपल्या दोन आळ्यांसारख्या. तिकडे सूर्य उत्तरेकडून येतो, म्हणून ढग फाटला की पहिलं ऊन त्या खिंडीत पडतं. उन्हाळ्यात तिथे रात्रही धड काळी होत नाही.

कामेनदोलवाल्यांनी आता डुकराच्या मांसाचे सॉसेजही आणलेत. घाई कर. लोभ आहेच, तो मला चिडवून सिद्ध करायची गरज नाही.

बिल्याना

द्रेनाक, ९ मार्च २००२

चि. बिल्यानास अ. आ. वि. वि.

मार्चचा लाल-पांढरा दोरा सोबत आहे. मनगटाला बांध, करकोचा दिसेपर्यंत काढू नकोस. सोफियात करकोचे येत नसतील तर विमान चालेल.

तुझं ऐकलं आणि थट्टा सोडून डोकं चालवलं. आपल्याकडे लेकराचं नाव आईबाप ठेवत नाहीत, कुम ठेवतो, बाप्तिस्म्याचा धर्मबाप. कुम एकदा बोलला की सासू असो नाहीतर साक्षात सरपंच, कुणी तोंड उघडायचं नाही. म्हटलं, डोंगरालाही कुम हवा, आणि तो दोब्रीच करू. तो स्वेत्लिना म्हणाला तर स्वेत्लिना. निदान कामेनदोल तरी नाही होणार! हे मनाला पटवायला मला दोन पेले राकिया लागली, ते वेगळं.

रीतीप्रमाणे भाजलेली कोंबडी, गोल पाव आणि वाइनची सुरई घेऊन मी वरच्या आळीला गेले. चढण चढून धापा टाकत त्याच्या दारात उभी राहिले आणि सरळ म्हटलं, दोब्री, आमच्या डोंगराचा कुम हो. बाई गं, तो असा लाल झाला की मला वाटलं झटकाच आला. मग म्हणाला, सांगशील ते करीन, छप्पर शाकारीन, विहीर उपशीन, पण कुम होणार नाही. का, तर नाही. आणि दार लावलं. कोंबडी ठेवून घेतली, पाव परत दिला!

मी त्याला अख्ख्या उतारावर शिव्या घालत खाली आले. त्सोनाचं गाढवसुद्धा बाजूला झालं. दोन दिवस मी त्याच्या दिशेची खिडकी उघडली नाही. कुम व्हायला नाही म्हणायची रीतच नाही गं आपल्यात, मरणाचा वैरी असला तरी हो म्हणतो.

तिसऱ्या दिवशी स्पास पाव घेऊन आला आणि हसू दाबायला लागला. मी पावाने हाणायला उठले तेव्हा बोलला. दोब्री त्याला म्हणाला होता की केराच्या घरचा कुम झालो तर तिच्याशी देवाघरचं नातं जुळेल, बहीणभावासारखं. मग कुठलाही पाद्री आमचं लग्न लावणार नाही. इतकी वर्षं थांबलो, ते काय एका डोंगरापायी घालवू?

बिल्याना, मी पावाच्या गाडीला टेकून उभी राहिले. मला उत्तर सुचलं नाही. मला! स्पासने ती गोष्ट तीन गावांत सांगितली, लग्नाची नव्हे, मी गप्प बसल्याची.

वर दोब्रीने निरोप दिलाय की द्रेनाक ठेवायचं तर खुशाल ठेवा, वरच्या आळीची हरकत नाही. म्हणजे मला हवं ते मिळालं. आणि आता तेच घशाखाली उतरत नाही. असं कसं एकटीने घ्यायचं? त्या माणसाने लावलेल्या दिव्याखाली मी नाचले, लेकरं वाढवली, डाळीतले खडे वेचले. म्हणून मी दोन्ही आळ्यांना विचारलं आणि ठरलं. मोजलंस तू, कुमा तूच. तू म्हणशील ते नाव, आम्ही कुणी हूं की चूं करणार नाही. तो पाव तुला पाठवतेय, वाळला असेल, दुधात बुडवून खा, पण खा. खाल्लास की तू बांधली गेलीस.

दोब्रीला मी अजून काही बोललेले नाही. झुलू दे थोडा, सवय आहे त्याला.

लोभ ठेव आणि डोकंही ठेव.

केरा

सोफिया, २७ एप्रिल २००२

ती. केराआत्यास आणि दोन्ही आळ्यांना सा. न. वि. वि.

पाव खाल्ला. एक दात हलतोय.

काल बैठक झाली. मी उभी राहून सांगितलं की मी या डोंगराची कुमा आहे. अध्यक्ष चष्म्यावरून बघत राहिले, पण तेही खेड्यातलेच, त्यांना कळलं. म्हणाले, मग आम्ही मध्ये बोलायचं नाही. शिखराचं नाव द्रेनाक. आणि ती उत्तरेची खिंड, जिथे पहिलं ऊन पडतं, तीही बिननावाची होती. तिचं नाव मी स्वेत्लिना ठेवलं. शिखराला नाव एकच, पण खिंड काही शिखर नव्हे! आता त्या बाजूने द्रेनाकवर चढायचं तर स्वेत्लिनामधूनच जावं लागेल. सगळ्यांनी हात वर केले, अगदी चीजवाल्यानेही. कामेनदोलला पलीकडचा एक सुळका मिळाला, सॉसेज वाया गेले नाहीत.

आता तू सांग, दोब्रीकाकांना काय उत्तर दिलंस? लोभ राहू दे आणि खरं लिही.

तुझी भाची आणि तुमची कुमा,
बिल्याना

द्रेनाक-स्वेत्लिना, ८ मे २००२

चि. बिल्यानास, आता कुमाबाई म्हणून थोडा नमस्कारही, बाकी अ. आ. वि. वि.

संत गेओर्गीच्या दिवशी कोकरू भाजलं आणि तुझं पत्र अंगणात मोठ्याने वाचलं. वाचलं स्पासने, त्याला सगळ्यांची पत्रं वाचायचा सराव आहे. खिंडीपाशी आला तेव्हा दोब्रीने टोपी काढली आणि परत घालायची विसरला. त्सोना म्हणाली की एवढ्या लांब ऊन पडतं ते पाहायला कोण जाणार. मी म्हटलं, पडतंय ना, पडू दे. पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर वरची आळी हसली.

दुसऱ्या दिवशी दोब्री रंगाचा डबा घेऊन वेशीवर गेला. गंजलेली पाटी घासली, स्वेत्लिना नव्याने रंगवलं आणि कुणी न सांगता त्याच्या वर द्रेनाक लिहिलं. अक्षरं वाकडी आहेत, कारण शिडी हलत होती. शिडी मी धरली होती. वरूनच त्याने विचारलं की केरा, तुझं काही ठरलं का. मी म्हटलं, खाली ये आधी. मागच्या वेळी तू वर लटकत राहिलास आणि मी दुसऱ्याबरोबर फेर धरला, या वयात पुन्हा तीच चूक करू नकोस. इतक्या झटकन उतरला की रंग माझ्या डोक्यावर सांडला. केस अजून निळे आहेत.

कुमाची कामं दोन असतात, तुला ठाऊक आहे. नाव ठेवणं आणि लग्नात पाठीशी उभं राहणं. एक तू चांगलं केलंस. द्रेनची फळं पिकली की दुसऱ्यासाठी ये, स्पास तुला स्टेशनवर घ्यायला येईल. तारीख त्याला विचार. हे पत्र तुझ्याआधी त्याने वाचलेलं असेल.

लोभ आहे तसाच असू दे, फक्त आता तो दोघांत वाट.

तुझी निळी आत्या,
केरा