आधी अक्काच्या घरी

सांगवी, ता. बारामती
९ जानेवारी १९९८

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

तू इंदापूरहून पाठवलेलं इंटरकॉमचं मशीन पोचलं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, ना फोन जोडायच्या दोऱ्या, ना त्या खुपसायची भोकं! भवानीनगरला कारखान्यात एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या तुझ्या बापाचा हा सरळ अपमान आहे. असो.

खरी काळजी अक्काची. सावळाराम दाजी जाऊन सहा महिने झाले, तुझी आत्या वस्तीवरच्या घरात एकटी. नीट बोलत नाही, जेवत नाही. गेल्या आठवड्यात चक्कर येऊन चुलीपाशी पडली, आम्हाला संध्याकाळी कळलं. इकडे राहायला ये म्हटलं, तर म्हणते दाजींच्या घराला कुलूप लागू देणार नाही. मी कुलूप आणून ठेवलंय. या फोननं भागलं नाही, तर हाताला धरून तिला घेऊन येणार. बाभळींवरून तिच्या घरापर्यंत वायर ओढली आहे. मशीनमध्ये आकडे कसे भरायचे ते सविस्तर लिही.

तुझा,
आबा

इंदापूर
१४ जानेवारी

ती. आबांस ज्योत्स्नाचा सविनय जय भीम.

पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं, मग तो अपमानाचा भाग परत वाचला आणि हसू आलं. आमच्या दुकानातर्फे मी पंधरा ऑफिसांत हे मशीन बसवलं. एकाही साहेबानं दोऱ्या मागितल्या नाहीत!

सोबतच्या कागदावर आकडे लिहिलेत. आपल्या घरचा फोन एकवीस, आत्याचा बावीस. दोनच गोष्टी करा. आत्यानं काही न दाबता नुसता रिसीव्हर उचलला, की एकवीस वाजला पाहिजे. आणि बाहेरून आपल्या नंबरवर येणारा फोनही एकवीसवरच वाजला पाहिजे, नाहीतर तिला उगाच ताप. चष्मा लावून करा. आणि आबा, आत्याला जबरदस्तीनं आणू नका हो. तिचं मन मोडेल.

आईला जय भीम. माझ्यावर रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची,
ज्योत्स्ना

सांगवी
२ फेब्रुवारी

चि. ज्योत्स्नास आशीर्वाद.

हे फोनवर सांगितलं असतं, पण आता आपल्याकडे फोन केला की पहिला अक्का उचलते. घोळ माझाच. कारखान्यात माझ्या टेबलाचा नंबर बावीस होता. बाहेरचा फोन कुठे घ्यायचा म्हटल्यावर एकतीस वर्षांचं बोट आपोआप बावीसवर गेलं. हसू नकोस.

पहिल्या दिवशी ती घाबरून बांधावर आली आणि हाका मारत सुटली. चौथ्या दिवशी तिला फोन इकडे कसा द्यायचा ते दाखवलं. आता ऊसतोडीच्या टोळीचा निरोप असो की कोऱ्हाळ्याच्या छबूबाईचा, ती आधी घरादाराची चौकशी करते, मगच फोन आमच्याकडे. टोळीच्या मुकादमाला पाच पोरी आहेत, हे मला तिच्याकडून कळलं! सकाळी सातलाच अंघोळ करून, वेणी घालून फोनपाशी बसते. तरी तिला या वयात कशाला त्रास? रविवारी आकडा बदलतो.

तुझा,
आबा

सांगवी
८ फेब्रुवारी

ज्योत्स्ना बाय, तुला आत्याचा जय भीम. मी सांगतीया, तुझा बाप ज्ञानू लिहितोय.

आज ऐतवार. तुझा बाप सकाळीच चष्मा लावून मिशिनपाशी बसला. मी फोनवरनंच म्हटलं, हात लावशील तर याद राख. बाय, मालक गेल्यापासनं ह्या घरात मला कुणी हाक मारीत नव्हतं. लई वंगाळ वाटायचं गं. आता घंटी वाजती. लोकं इचारत्यात, अक्का, जेवलीस का. रोज खोटं कसं बोलू? म्हणून जेवती.

परवा भोवळ आली. नुसता फोन उचलला, तर ज्ञानू अनवाणी पळत आला. (एका पायात चप्पल होती. – आबा) मी बरी हाय आता.

तू सांजच्याला फोन करत जा. बापाशी काय बोलायचं ते मागनं, आदी माज्याशी. मग देईन त्याला लावून, रिकामा असला तर. जीव लावतीस, तसाच लावत ऱ्हा.

तुझी आत्या,
अक्काबाई

ता. क. आकडा बावीसच ठेवला. कुलूप विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला लावून टाकलं. – आबा