बावड्यावरचा ढग

१४ जुलै
आज ढगात शिरल्यावर विमान असं आदळलं की दातांवर दात बसले. हवाई दलात मालवाहू विमानं उडवायचे तेव्हा असला ढग दिसला की वळसा घालायचा, हा नियम. आता संशोधन वैमानिक! पगार ढगात शिरण्याचाच.

बारामतीच्या धावपट्टीवरून उडायचं, ढग गाठायचा. मग खाली रडारपाशी बसलेले इंद्रजित सर वायरलेसवर सांगतात — "पेटवा" किंवा "सोडा". पेटवा म्हणाले तर ढगानं बरसावं म्हणून पंखाखालच्या मिठाच्या नळ्या जाळायच्या. सोडा म्हणाले तर नुसती मोजमापं घेऊन परत. कुठल्या ढगाचं काय करायचं ते संगणक ठरवतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. दोन्ही तऱ्हेचे ढग पुरेसे झाले तरच कळणार, पाऊस आपल्यामुळे पडतो की त्याचा तोच.

२० जुलै
बावड्याला सोनबामामाकडे जाऊन आले. गाव त्याच्याशी तुटकपणे वागतंय. विमान घिरट्या घालतं आणि ढग कोरडाच निघून जातो, म्हणून लोकांची खात्रीच पटलीय — याची भाची ढग पळवते! कालव्याच्या पाण्याची त्याची पाळी शेजाऱ्यांनी परस्पर घेतली. मका करपला.

चिठ्ठ्यांचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "सपे, समदं पटतंय. पर एक डाव आमच्यावर पेटीव की."

घरचे नको म्हणत असताना मला हवाई दलाच्या मुलाखतीला म्हैसूरला घेऊन गेलेला माणूस हा. दिवसभर फाटकाबाहेर घोंगडी टाकून बसला होता. त्याला नाही म्हणून परत आले.

२७ जुलै
मामाची पाण्याची पाळी पुन्हा गेली. आक्काबाई मामी फोनवर रडत होती.

२ ऑगस्ट
ढग बरोबर बावड्यावर. काळाभोर, तट्ट भरलेला. सर म्हणाले, "सोडा."

मी पेटवल्या. वर्दीत असताना एकही हुकूम मोडला नाही, आज मोडला! शेजारी को-पायलट रणजित. त्यानं पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. नळ्या आधीच्या ढगावर जळाल्या असं लिहून टाकलं. आम्ही उतरेपर्यंत तिकडे कोसळायला लागला होता. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. आनंद झालाय!

३ ऑगस्ट
मामा गेला. कालच्या पावसात वीज पडली.

६ ऑगस्ट
मामी सांगते — विमानाचा आवाज आला तसा तो मेंढरं सोडून बाहेर पळाला. बांधावर उभा राहून शेजाऱ्यांना हाका मारत होता, "सपी आलीया, बगा रं!" पाऊस सुरू झाला, विजा कडाडायला लागल्या, तरी आत येईना.

ज्यांनी पाळी घेतली त्यांनीच खांदा दिला. त्यातल्या एकानं तिथंच मला हळूच विचारलं, विमान परत कधी आणणार म्हणून. मी तिथून जाऊन आडोशाला बसले.

११ ऑगस्ट
सरांचा फोन. भलत्याच उत्साहात होते. सोडलेल्या ढगांत बावड्याचा सगळ्यांत जास्त बरसला म्हणे. म्हणजे मिठाचा उपयोग नाही असंच आकडे दाखवणार, आणि तसाच अहवाल जाणार.

खरं सांगितलं तर माझं उडणं संपलं. मला दुसरं येतं काय? "बरं सर" म्हणून फोन ठेवला. तो पाऊस माझा होता की ढगाचाच, हे आता कुणालाच कळायचं नाही. मलाही नाही.

१४ ऑगस्ट
मामीनं जवळ बसवून विचारलं, "त्यो पाऊस तुजा व्हता का?"

माहीत नाही म्हणाले.

"व्हय म्हन गं. तुजा आसंल तर तेंचं भाईर हुबं ऱ्हानं खरं झालं. न्हायतर फुकाट भिजलं त्ये."

व्हय म्हणाले. मग अंगणात येऊन सरांना फोन लावला, दोन तारखेच्या नळ्यांचं सांगायला.