यादीत न बसलेलं कलम

आबा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. जिवंतपणी तुमच्यापुढे तोंड उघडायची टाप कुणाची होती?

आपल्या भागात बड्या घरची लग्नं याद्यांवर ठरतात. कुणी काय द्यायचं, मानपान कुणाचा किती, सगळं दोन कागदांवर लिहायचं, कोपऱ्यांना कुंकू लावायचं, सह्या करायच्या आणि एकेक कागद एकेका घरी न्यायचा. माझी यादी तुम्ही कराडच्या कार्यालयात स्वतः माइकवर वाचलीत. सोनं, गाडी, साताऱ्यातला फ्लॅट. हुंडा हा शब्द लिहू दिला नाहीत, 'कन्येस भेट' लिहिलंत, म्हणजे कायद्याचंही समाधान. मंडळी वाहवा करत होती आणि मी शालू सावरत खुळ्यासारखी खूश होते. बाप असावा तर असा!

वर्षभरात मी सुजलेला गाल घेऊन माहेरी आले. आई भाकरी थापतेय, मला बघून तिचे हात थांबतात. तुम्ही दारातूनच विचारता, "यादीतलं काय द्यायचं ऱ्हायलंय का?"

"न्हाई, आबा. समदं दिलं तुमी."

"मग हितं काय काम हाय? तुझं घर ते."

आईनं ताट वाढलं. मी जेवत होते तोवर तुम्ही ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलीत. वाटेत मी रडलेसुद्धा नाही, तो आरशातून बघत होता म्हणून. मार पुढं आपोआप थांबला. यांची शुगर वाढली, हात थकले. त्यात तुमची काही मेहेरबानी नाही.

आज तुमच्या नातीच्या याद्या होत्या. पाहुणे सांगलीकडचे, मोठे बागायतदार. व्याही म्हणाले, "आमचं कायबी मागणं न्हाई. तुमच्या इभ्रतीपरमाणं करा." त्याचा अर्थ यांना बरोबर कळला, लिहिता लिहिता पान उलटावं लागलं. सह्या व्हायच्या आधी मी म्हटलं, "आमच्या बाजूनं आणखी एक कलम घाला. पोरगी कवाबी माघारी आली तर का आलीस म्हणून तिला कुणी इचारायचं न्हाई. त्यावर मी सही करते."

"येडी झालीस काय?" हे ओरडले.

"आवं विहीणबाई, शुभकार्यात असलं अभद्र बोलू नगा," म्हणत व्याही उठले. विचार करून कळवतो म्हणाले. चहा तसाच राहिला. अजून फोन नाही.

पोरीनं खोलीचं दार लावून घेतलंय. तिला मुलगा मनापासून आवडला होता. आतूनच म्हणाली, "मम्मी, तुला कुणी सांगितलं होतं का मधी बोलायला?" मी दाराशी गेले, तशीच परतले आणि हे लिहायला बसले. मी बरोबर केलं, हे तिला छातीठोकपणे सांगता येत नाही मला.

हे पत्र कुठं धाडणार? फाडूनच टाकीन. फक्त एवढंच, आणि ते लिहितानाही मला तुमचा रागच येतोय: अशा वेळी कुणाला विचारावं म्हटलं, तर अजूनही तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सुचत नाही.