आवाज गिळणारी केबिन

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन करणार होतो, पण हल्ली या फोनात नुसती खरखर येते, तू काय बोलतोस ते कळतच नाही. म्हणून पत्र. तू बसगाड्यांना आतून अस्तरं लावतोस, तेव्हा या दुखण्यावर औषधही तूच सांग.

शीट मागवताना फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून दुखणं पहिल्यापासून लिहितो. मुलगी सासरी गेल्यापासून तुझी वहिनी घरात एकटी, आणि मी महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. म्हणून ठरलं की हिने आता माझ्याबरोबर ट्रकमधूनच यायचं. गेल्या महिन्यात पहिली फेरी केली. ही कानांत कापूस घालून बसली, दोन गोळ्या खाल्ल्या आणि उतरल्यावर म्हणाली, की या गोंगाटात माणसाला फक्त भांडता येतं, बोलता येत नाही. केबिन शांत झाली तरच पुन्हा येईन. मला काही तो एवढा गोंगाट वाटत नाही. गाडी जुनी आहे, थोडी कुरकुरणारच. पण हिला बरोबर न्यायचं तर करणं भाग आहे, आणि मला हिला न्यायचंच आहे.

कामाने मात्र जीव मेटाकुटीला आणला. सीटा काढल्या, रबरी मॅट उचलली, तर खाली सगळा गंज. तो घासण्यात तीन दिवस गेले. तू पाठवलेली ती चंदेरी पाठीची काळी चिकट शीट तर महाआगाऊ आहे. हाताला चिकटते, विजारीला चिकटते, चष्म्याला चिकटते, फक्त पत्र्याला चिकटत नाही. संध्याकाळी छताला लावलेली सकाळी पाहतो तर स्टेअरिंगवर येऊन बसलेली. माझे गुडघे आता कामाला येत नाहीत असं स्पष्ट सांगतात. तरी लवकर उत्तर पाठव.

घरात सर्वांना आशीर्वाद. माया आहेच, ती लिहून दाखवत नाही.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शीट आगाऊ नाही, तुझा पत्रा ओशट आहे. थिनरने स्वच्छ पूस, शीट हीट गनने कोमट कर, मग लाव, आणि लाकडी रुळाने दाबत जा. पाठीवरची नक्षी सपाट झाली की समजायचं चिकटली. तळहाताने थापटून भागत नाही. रूळ मिळाला नाही म्हणून वहिनींचं लाटणं मात्र उचलू नकोस. मग शांत केबिनीत तू एकटाच बसशील.

दोन गोष्टी मनावर घे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, एक खिळा सांगितला तर तू चार ठोकतोस. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. शीट फक्त पत्र्याची थरथर मारते, त्याला प्रत्येक भागाच्या मधोमध चौथाई जागा पुरते. खरा आवाज येतो तो तुम्हा दोघांच्या मधल्या इंजिनाच्या झाकणातून आणि गिअरच्या दांड्याच्या भोकातून. तिथे जाड फोम घाल. दुसरं, दारांच्या तळाशी बारीक भोकं असतात, ती पाणी निघून जाण्यासाठी. ती कृपा करून बुजवू नकोस.

मागच्या खेपेला मी फोनवर कारखान्याच्या नव्या जागेबद्दल सांगत होतो आणि तू मध्येच बरं बरं म्हणून ठेवून दिलास. रागावलास की काय, असं दोन दिवस वाटत राहिलं. रागावला असशील तर सरळ लिही.

वहिनींना नमस्कार. धाकट्यावर कृपा राहू द्यावी.

बारक्या

२७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

झालं काम, आणि वायाही गेलं.

चौथाई पुरते म्हणालास, पण अर्धवट काम मला पाहवत नाही. छत, पाठ, तळ, सगळीकडे दुहेरी थर दिला. दारं तर तळाच्या काठापर्यंत मढवली. आवाज गेला हे खरं. इंजिन चालू आहे की नाही ते आता गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बघावं लागतं. पण तुझ्या या शीटने माणसाचा आवाजही गिळला. ही शेजारी बसून बोलते, तोंड हलताना दिसतं, आणि माझ्यापर्यंत काही म्हणजे काही पोचत नाही. पूर्वी त्या गोंगाटातही हिचं अक्षर न् अक्षर कळायचं. मोठ्याने बोल म्हटलं, तर ही ओरडून म्हणाली की ओरडावं लागू नये म्हणूनच हा खटाटोप केला ना. तेवढं बरोबर ऐकू आलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली आहे.

मंगळवारी परतताना ही बराच वेळ काहीतरी सांगत होती, समोर रस्त्याकडे बघत, शांतपणे. कामाचं कौतुक करत असणार असं धरून मी बरं बरं म्हटलं. बुधवारी सकाळी पाहतो तर पिशवी भरून मुलीकडे निघालेली. कधी येणार म्हणून विचारलं, तर पिशवी उचलून चालू लागली. माझं काय चुकलं ते तरी कळू दे. आठ दिवस गुडघ्यांवर बसून मी हे कुणासाठी केलं?

शीट खरवडून काढता येते का ते लगेच कळव. छतापासून सुरुवात करतो.

तुझा,
वैतागलेला दादा

२ मार्च

चि. भावजींस,
अनेक आशीर्वाद.

मुलीच्या घरून लिहिते आहे. हे पत्र तुमच्या दादांना दाखवू नका.

केबिन छान झाली. पहिल्या दिवशी मला रडूच आलं. चालत्या ट्रकमध्ये माणूस साध्या आवाजात बोलू शकतो, हे मला खरंच वाटेना. मनात किती काय साठलेलं होतं. मुलीच्या लग्नात आम्हाला धड एकमेकांशी बोलायलाही फुरसत झाली नव्हती. मी सगळं बोलत सुटले. आणि हे रस्त्याकडे बघत हं म्हणायचे, कधी तेही नाही. माझ्या बाजूच्या दारात पाणी साचलं आहे, वळणावर डचमळतं. तीनदा सांगितलं. हे आपले स्टेअरिंगवर थाप मारून म्हणतात, केबिन कशी चिडीचूप झाली बघ. यांच्या खिशात फोन वाजत होता, तो मीच काढून हातात दिला. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतायचं?

मला वाटलं, गोंगाट होता तोवर यांना न बोलायला निमित्त होतं. निमित्त गेल्यावर कळलं की यांना माझ्याशी बोलायचंच नव्हतं. मंगळवारी मग सांगून टाकलं. म्हटलं, तुमच्याबरोबर यायची मला हौस होती, पण परक्या माणसाच्या शेजारी बसल्यासारखी मी यापुढे येणार नाही. उद्या मुलीकडे जाते. थांब म्हणालात तर थांबेन. तर म्हणाले, बरं बरं. आणि हसले, भावजी. बोलणं सोडा, ते हसणं मला फार लागलं.

तुम्ही यातलं काही मनाला लावून घेऊ नका. शीट तुमची चांगलीच आहे.

आहे तशीच आपुलकी असू द्या.

तुमची वहिनी

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शीट काढू नकोस. छताचीसुद्धा नाही. इंजिनाबरोबर माणसाचं बोलणं गिळणारी शीट अजून कुणी बनवलेली नाही. उलट ती लावली की बोलणं जास्त स्वच्छ ऐकू येतं, त्यासाठीच गिऱ्हाईक माझ्याकडे येतं.

वहिनींचं पत्र आलं आहे. ते दाखवणार नाही असं ठरलं आहे, पण दोन गोष्टी सांगतो, त्याबद्दल त्यांची बोलणी मी खाईन. त्यांच्या बाजूच्या दारात पाणी डचमळतं, हे त्यांनी तुला तीनदा सांगितलं. तुझ्या खिशात फोन वाजत होता. फेरी तीच, केबिन तीच. त्यांना हे सगळं ऐकू आलं आणि तुला नाही.

दादा, तुला कमी ऐकू येतं. फोन खरखरत नाही. पूर्वी केबिनीत सगळं कळायचं, कारण त्या गोंगाटात वहिनीही ओरडून बोलायच्या. हमाल ओरडतात, गॅरेजवाला ओरडतो, तुझ्या धंद्यात हळू बोलतंच कोण? आता त्या साध्या आवाजात बोलायला लागल्या आणि हे उघडं पडलं. मलाही आधी कळायला हवं होतं. मी आपला तू रागावलास असं धरून बसलो.

मंगळवारी त्या काय म्हणाल्या ते मी सांगणार नाही. ते तुझ्या कामाचं कौतुक नव्हतं एवढं मात्र लक्षात घे. कान दाखवून येईपर्यंत गाडी हलवू नकोस, तुझ्या पाया पडतो.

रागाव, पण तोडू नकोस.

बारक्या

१५ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद, पण आज मोजूनमापून.

लहान तोंडी मोठा घास घेतलास. बहिरा म्हणालास मला. तुझं पत्र मी फाडून टाकलं.

मग तुला खोटं पाडायचं म्हणून केबिनीत गेलो. तिच्या बाजूचं दार धरून चांगलं पुढेमागे हलवलं. काही नाही, एवढासाही आवाज नाही. खूश होऊन दाराच्या तळाची शीट सुरीने कापली, तर अर्धी बादली पाणी माझ्या पायांवर. गाडी धुताना साचत गेलेलं, आणि भोकं मीच बुजवलेली.

तिथेच पायरीवर बसून राहिलो. दार हातात धरून हलवलं तरी मला ऐकू आलं नाही. मग ती तिथे बसून काय काय बोलली असेल? मी कशाकशाला बरं बरं म्हटलं असेल? बारक्या, मी घाबरलो आहे. गाडी उभी केली आहे, उद्या डॉक्टरकडे जातो. पत्र फाडलं त्याबद्दल वाईट वाटतं, तुकडे जपून ठेवले आहेत.

दादा

६ एप्रिल

सौ.स,
आशीर्वाद लिहू की काय लिहू, ते सुचेना. सव्वीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. जे काही होतं ते ओरडून सांगितलं.

बारक्याने म्हटल्याप्रमाणे कानांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. एका बंद खोलीत बसवून तपासलं. दोन्ही कान बरेच गेले आहेत, इतकी वर्षं इंजिनाशेजारी काढली त्याचं हे. गेलेलं परत येणार नाही, पण यंत्रांनी निभावेल म्हणाला. गाडी चालवायचीही परवानगी मिळाली. यंत्रं कानांमागे बसतात आणि सारखी टोचतात. नळ सोडला की धबधबा कोसळतो, कागदाची पिशवी उघडली तरी दचकतो. पहिल्या दिवशी चिडून दोनदा काढून ठेवली, पुन्हा घातली. तुझ्या दारातलं पाणी काढून टाकलं आहे. तू तीनदा सांगितलंस म्हणे.

मंगळवारचं तुझं बोलणं मला ऐकू आलं नाही. बरं बरं म्हटलं ते न ऐकताच म्हटलं. एवढ्यावर थांबलो तर ते खोटं होईल, म्हणून पुढचंही लिहितो. कान बिघडले आहेत असा संशय मला दोन-तीन वर्षं होता. माणूस एकदा काय म्हणून विचारतो, दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा लाज वाटते आणि तो बरं म्हणून मोकळा होतो. तुझ्याशी मी असा पुष्कळदा मोकळा झालो. तुला ते कसं वाटलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी आपला शीटवर खेकसत बसलो.

रविवारी सकाळी दहा वाजता येतो. हॉर्न वाजवणार नाही. दारासमोर गाडी उभी करून इंजिन बंद करीन, यंत्रं घातलेली असतील. तू येऊन शेजारी बस आणि मंगळवारचं सगळं पहिल्यापासून सांग. मला लागेल म्हणून काही गाळू नकोस, आणि मोठ्यानेही बोलू नकोस. या वेळी आधी ऐकेन, आणि मग त्याला बरं म्हणायचं की नाही ते ठरवीन.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो अजून आहे का, तेही तिथेच सांग.

तुझा,
मी